तेवीस अंशांची खोली

जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराख आणि आसपासच्या मराठी घरांत शशिकांत वाळिंबे हा 'मोजणारा माणूस' म्हणून ठाऊक होता. दही लावताना त्याची बायको ऊर्मिला दुधात करंगळी बुडवायची आणि तो शेजारी थर्मामीटर घेऊन उभा राहायचा. दही दोघांचंही लागायचं, पण आपलं का लागलं हे तो समजावून सांगू शकायचा. शेजारच्या गावात यंत्रांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी होती, तिथे चाचणी विभागात त्याची निम्मी हयात गेली होती. बेअरिंग किती तापतं, कुठे तापतं, कधी हाताबाहेर जातं, हे बघत बसायचं. नवीन पोरं आलेख घेऊन धावत आली की तो चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचा, "आकडा राहू दे बाजूला. सेन्सर कुठे चिकटवलायस ते दाखव आधी."

हे स्वतःचंच वाक्य त्याला पुढे फार टोचलं.

ऑक्टोबरात त्याने घरातल्या सगळ्या हाइत्सुंगच्या, म्हणजे खिडकीखालच्या त्या लोखंडी हीटरांच्या, एक ते पाच आकड्यांच्या जुन्या चकत्या काढून टाकल्या आणि प्रोग्रॅम लावता येणारे थर्मोस्टॅट बसवले. खोलीखोलीत भिंतीवर एक पांढरी डबी. तिने हवेचं तापमान बघायचं आणि हीटरच्या झडपेला बिनतारी हुकूम सोडायचा. सकाळी घर ऊबदार, सगळे बाहेर पडले की आपोआप खाली, संध्याकाळी पुन्हा वर, झोपताना परत खाली. फोनवर प्रत्येक खोलीचा आकडा दिसायचा. अन्वी, त्याची पंधरा वर्षांची मुलगी, स्क्रू हातात देत होती आणि तो स्टुलावर उभा राहून व्याख्यान देत होता.

"खिडकीजवळ नको, दाराजवळ नको, उन्हात नको. आतली भिंत, छातीइतकी उंची. का?"

"वाइल एस दा श्टेट," पत्रकाकडे बोट दाखवत अन्वी म्हणाली. तिथे लिहिलंय म्हणून.

कुणी विचारलं तर शशिकांत सांगायचा, की हे सगळं पर्यावरणासाठी. खरं कारण एकट्या ऊर्मिलाला माहीत होतं. कंपनी त्याचा विभाग दुसऱ्या देशात हलवणार अशी कुजबुज उन्हाळ्यापासून चालू होती. "कुणाला बोलू नकोस," त्याने बजावलं होतं. "आईंना तर अजिबातच नाही." नोकरीचं काही त्याच्या हातात नव्हतं. हीटिंगचं होतं. घराचा खर्च कुठून तरी आवळायचा, तर तो इथून आवळू, असं त्याने मनाशी धरलं होतं.

आई म्हणजे ऊर्मिलाची आई, अहिल्याबाई. मिरजेहून त्या ऑक्टोबरच्या शेवटी आल्या. वडील गेल्यावर पहिल्यांदाच आई सलग काही महिने आपल्याजवळ राहणार म्हणून ऊर्मिला नुसती तरंगत होती. खालच्या मजल्यावरची उत्तरेची खोली, जी आधी शशिकांतची अभ्यासिका होती, ती आईंना दिली. आईंनी आल्या आल्या बरोबर आणलेले चार देव काढले आणि आतल्या भिंतीशी असलेल्या खणांच्या कपाटावर मांडले. तिथे वारा लागत नव्हता आणि कुणाचा धक्काही लागत नव्हता.

शशिकांतने आईंची खोली दिवसभर एकवीस अंशांवर ठेवली. बाकीचं घर दुपारी सतरावर यायचं, पण ही सवलत सासूबाई म्हणून. पहिल्याच आठवड्यात आईंनी पंख्याचा रेग्युलेटर समजून डबीची चकती दोन-चारदा फिरवली आणि सगळा प्रोग्रॅम विस्कटला. शशिकांतने डबीला कुलूप घातलं. पडद्यावर छोटंसं कुलपाचं चित्र उमटलं.

"आता तुम्ही फिरवलंत तरी काही होणार नाही आई, निर्धास्त राहा."

अन्वीने डोकावून बघितलं. "किंडरजिशरुंग?" लहान मुलांनी हात लावू नये म्हणून असतं ते कुलूप. "पापा, आजी इस्ट दोख काइन किंड!"

"अगं, नाव आहे नुसतं ते," शशिकांत हसत म्हणाला. आई काही लहान मूल नाही हे का त्याला कळत नव्हतं? आईंनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "काही नाही, आता मी फोनवरून बघत जाईन." आणि खरंच तो फोनवरूनच बघत राहिला. जावयाने सासूच्या खोलीत उगाच पाऊल टाकायचं नाही, दाराबाहेरून बोलायचं, हे वळण त्याच्या हाडीमासी खिळलं होतं. आईंचंही तसंच. जावई समोर आला की त्या पाय खाली सोडून, पदर सारखा करून बसायच्या. फोनमुळे दोघांचीही सोय झाली होती.

नोव्हेंबरच्या मध्याला थंडी उतरली, आणि त्या सुमारालाच एक नवल घडलं. आईंच्या खोलीचा आकडा एकविसाच्या वर जाऊन तेविसावर स्थिरावला. झडप पूर्ण बंद, तरी तेवीस! शशिकांतने त्याची फोड केली. खोली लहान, भिंतींना जाड आवरण, आत दिवसभर एक माणूस. माणसाच्या अंगाचीही उष्णता असतेच की. महिन्याच्या हीटिंग-खर्चाचा आलेख बघताना त्या खोलीची पट्टी जवळजवळ रिकामी दिसायची, आणि तिच्याकडे बघून त्याला इतकं बरं वाटायचं की ऑफिसातून फाटक्या मनाने आलेल्या दिवशी तो मुद्दाम ती उघडून बघायचा.

आईच्या देखत ऊर्मिला नवऱ्याला 'अहो' म्हणायची आणि एकटे असले की 'शशी'. एकदा भांडी लावताना ती हळूच म्हणाली, "शशी, आईची खोली गार वाटते रे मला."

"तेवीस आहे. हे बघ."

"असेल. पण वाटते."

"वाटणं आणि असणं यात फरक असतो ऊर्मिला."

इंजिनिअरपुढे काय बोलणार? तिने आईला आणखी एक रजई काढून दिली. आईंच्या पायात लोकरी मोज्यांचे दोन जोड आले, स्वेटरवर शाल आली, शालीवर ऊर्मिलाचा जुना कोट आला. दुपारपासून त्या स्वयंपाकघरात येऊन बसू लागल्या. भाजी निवडायच्या, ती झाली की तांदूळ निवडायच्या. इथल्या पाकिटातल्या तांदळात निवडण्यासारखं काय असतं? तरी ताट मांडीवर घेऊन बसायच्या. शशिकांत आठवड्यातून दोन दिवस घरून काम करायचा, ते स्वयंपाकघरातल्याच टेबलावर. मीटिंग चालू असताना मागे ताटाचा आवाज. एक दिवस तो बायकोला म्हणाला, "आईंना सांग ना, स्वतःच्या खोलीत आराम करा म्हणावं. मुद्दाम एवढी गरम खोली दिलीय."

ऊर्मिलाने सांगितलं की नाही कोण जाणे, पण आईंच्या कानावर गेलं असावं. दुसऱ्या दिवसापासून त्या ताट घेऊन खोलीत जाऊ लागल्या. मीटिंगा शांतपणे होऊ लागल्या.

जानेवारी लागला तेव्हा आईंनी जेवताना सहज काढावा तसा विषय काढला. "शशिकांतराव, पुढच्या महिन्यातलं तिकीट मिळेल का हो? घर बंद आहे फार दिवस."

ऊर्मिलाचा घास हातातच राहिला. "आई! मे महिन्यापर्यंत राहणार होतीस ना तू?"

"राहिले की एवढी. आता जावं म्हणते."

शशिकांतने त्याच संध्याकाळी विमानांचे दर बघून ठेवले. इथली थंडी मानवत नाही म्हाताऱ्या माणसांना, असं तो ऊर्मिलाला म्हणाला. तिने न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी दुपारी वाळिंब्यांकडे हळदीकुंकू होतं. एर्लांगेनहून नागेश आणि नीना आले, न्यूर्नबर्गहून आणखी दोन-तीन घरं. पॅसेजमधल्या खुंट्या भरल्या तेव्हा उरलेले कोट आईंच्या पलंगावर टाकले. आई सगळ्यांना तिळगूळ देत होत्या. शशिकांतच्या तळहातावर वडी ठेवताना त्यांची बोटं त्याला लागली. फ्रिजमधल्या काकडीसारखी. हे त्याला जाणवलं आणि त्याने वडी तोंडात टाकली.

चहाच्या वेळी थर्मोस्टॅटचा विषय निघाला, म्हणजे शशिकांतनेच काढला. फोन हातोहात फिरला.

"आणि ही आईंची खोली बघा," तो म्हणाला. "तेवीस! घरातली सगळ्यात गरम खोली. आणि आमच्या सासूबाई बघा, दोन मोजे, स्वेटर, शाल! मी म्हटलं, आई, थंडी खोलीत नाहीये, ती तुम्ही मिरजेहून बरोबर घेऊन आलायत. कस्टमवाल्यांनी सोडली कशी?"

सगळे हसले. आईही हसल्या. शालीचं टोक त्यांनी आत खोचून घेतलं, बाहेर दिसू नये असं.

निघायची वेळ झाली. नीना आतून कोट घेऊन आली, बाही चढवता चढवता किंचाळली. "अगंबाई! कोट काय बर्फात पुरून ठेवले होते का?"

"बाहेरून आलेले कोट आहेत, गार असणारच," शशिकांत म्हणाला.

"दोन तास झाले की रे बाहेरून येऊन! ऊर्मिला, आत खिडकी उघडी राहिली का तुमची?"

"खिडकी बंद आहे. आत तेवीस आहे."

नागेश त्याचा जुना मित्र, तोही इंजिनिअर. "चल रे, दाखव तुझे तेवीस," म्हणून त्याने शशिकांतला दंडाला धरून खोलीत नेलं. मागोमाग दोघी-तिघी आल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

गेल्या अडीच महिन्यांत शशिकांत पहिल्यांदाच त्या खोलीत शिरत होता. गारवा आधी कानांना लागला. नागेशने हीटरवर हात ठेवला. "मेलाय हा."

शशिकांतने भिंतीवरच्या डबीकडे बघितलं. तेवीस. मग नजर खाली गेली. डबीच्या बरोबर खाली खणांचं कपाट, त्यावर आईंचे देव, आणि देवांपुढे पितळी नंदादीप. काचेच्या उंच चिमणीतला, संथ जळणारा, परातीत पाणी घालून त्यात ठेवलेला. चिमणीचं तोंड डबीपासून जेमतेम वीतभर खाली होतं. डबीचा पांढरा तळ चहाच्या डागासारखा पिवळा पडला होता.

त्याने दोन्हींच्या मध्ये तळहात धरला. ऊब सरळ वर डबीकडे चढत होती.

नागेशला कळायला क्षणभर लागला, मग तो पोट धरून हसायला लागला. "अरे शशी! डबीला वाटतंय खोली तापलीय! तू दोन महिने देवांना हीटिंग देतोयस आणि माणसाला नाही! गेनाऊ, अगदी बरोबर, ही खरी जर्मन शिस्त!"

दारातून हसण्याचा लोंढा आला. शशिकांतही हसला. हसावं लागतं अशा वेळी. पण हसणाऱ्यांच्या खांद्यांमधून त्याला आईंचा चेहरा दिसत होता. तो चेहरा पार उतरला होता.

"माझ्यामुळे बिघडलं का हो यंत्र?" आई विचारत होत्या. "मला ठाऊक नव्हतं. तिथे ठेवायचा नव्हता का दिवा? मी कपाट सरकवते, आत्ता सरकवते..." आणि त्या खरोखरच पुढे होऊन कपाटाला हात घालू लागल्या.

"आई, राहू द्या. आई, तुम्ही काही नाही केलंत." शशिकांतने त्यांचा हात कपाटावरून बाजूला केला. नीनाने नागेशला कोपराने ढोसलं आणि सगळे जरा जास्तच घाईने बुटांकडे वळले.

दार लागलं. ऊर्मिला कपबशा गोळा करत होती, एकावर एक आपटत. शशिकांत स्वयंपाकघरात आला तेव्हा ती वळली. आई ऐकण्याच्या अंतरावर नव्हती, म्हणून 'शशी'च म्हणाली.

"तो दिवा कशासाठी आहे माहितीये का तुला?"

"देवासाठी."

"नोव्हेंबरात तुमच्या कंपनीचं बातम्यांत आलं ना, तेव्हा मला राहवलं नाही. सांगितलं मी आईला. त्या दिवसापासून ठेवलाय तिने अखंड. तुझं मार्गी लागेपर्यंत विझू द्यायचा नाही म्हणून. रात्री उठून तेल घालते. मला म्हणाली, त्यांना कळू देऊ नकोस, त्यांना कमीपणा वाटेल."

शशिकांत खुर्चीवर बसला. आई तांदळाचं ताट घेऊन बसायच्या, तीच ती खुर्ची. इथून हीटर पाठीशी यायचा. त्याला आता एकेक गोष्ट उलटी दिसू लागली. निवडायला नसलेले तांदूळ. आराम करायला सांगा म्हणावं. वाटणं आणि असणं. त्या खोलीची रिकामी पट्टी बघून तो खूश व्हायचा तेव्हा आत एक म्हातारी बाई कोट घालून बसलेली असायची, आणि त्याच्यासाठी तेल घालत असायची. प्रयोगशाळेत एखाद्या पोराने असा आलेख आणला असता तर त्याने एका वाक्यात त्याला परत पाठवलं असतं. घरात त्याला विचारायला सुचलं नाही, कारण आकडा त्याच्या सोयीचा होता.

उजेड होता तोवरच तो स्क्रूड्रायव्हर घेऊन आईंच्या दाराशी गेला.

"आई, येऊ का आत?"

"या की. घर तुमचंच आहे."

हेही त्याला लागलं. आई पलंगावरून उठू बघत होत्या. "बसा ना, पाय वर घेऊन बसा," तो म्हणाला. मग त्याने बोलायला सुरुवात केली. "त्याचं काय झालं, सेन्सरला दिव्याची उष्णता लागत होती, त्यामुळे झडप..." आणि तो थांबला. हे समजावून सांगणं म्हणजे पुन्हा तेच होत होतं. "आई, चुकलं माझं. तुम्ही गारठत होतात आणि मी सगळ्यांसमोर तुमची थट्टा केली."

"अहो, तुम्ही कशाला? तुम्ही तर आकडा बघून सांगत होतात." आई त्याच्याकडे न बघता शालीच्या दशा सरळ करत होत्या. "मला वाटलं, माझ्यातच काहीतरी बिघडलंय. तुम्ही तेवीस म्हणताय, सगळे म्हणताय, आणि मला आतून हुडहुडी. ऊर्मिलेचे बाबा शेवटी शेवटी असेच म्हणायचे, गार वाटतंय, गार वाटतंय. म्हटलं, आपलंही तसंच आलं असेल. इथे पडले तर तुम्हाला परदेशात केवढा घोर. त्यापेक्षा घरी जाऊन..."

तिकीट त्यासाठी होतं. आपण त्याच संध्याकाळी दर बघून ठेवले, हे शशिकांतला आठवलं आणि मान वर करवेना.

जरा वेळाने आईंनीच विचारलं, "दिवा काढायला लागेल का हो?" प्रश्न साधा होता, पण त्यात अशी धास्ती होती की त्याने घाईने मान हलवली.

"दिवा जिथे आहे तिथेच राहील. डबी हलवतो."

अन्वी मदतीला आली. डबी समोरच्या भिंतीवर गेली. जुन्या जागी दोन भोकं राहिली आणि वर एक पिवळट डाग. भोकं बुजवायचा मसाला घरात होता, पण शशिकांतने तो काढला नाही. कुलूप उघडायला त्याने दोनदा चुकीचं बटण दाबलं. अन्वीने काही न बोलता त्याच्या हातातून डबी घेतली आणि उघडून दिलं. ती बोलली असती तर बरं, असं त्याला वाटलं. आकडा चौदावर येऊन थांबला आणि झडप कुरकुरत उघडली.

"आता ही चकती तुमची," तो आईंना म्हणाला. "हवी तशी फिरवा. विस्कटलं तर विस्कटलं."

आईंनी हात लावला नाही. "असू दे, छान आहे."

त्यानंतर तो रोज ऑफिसातून आला की आधी आईंच्या दाराशी जायचा. फोन कोटाच्या खिशात. "आई, थंडी वाजते का?"

"नाही हो, छान आहे."

रोज तेच. खोली आता खरंच ऊबदार होती, मोज्यांचा एक जोड कमी झाला होता. पण त्या उत्तराने त्याचं समाधान व्हायचं नाही. खोली गोठलेली होती तेव्हाही त्या हेच म्हणायच्या. आपण एक बिघाड दुरुस्त केला, दुसरा तसाच राहिला, हे त्याला दिसत होतं, आणि त्यावर कुठला स्क्रू पिळायचा हे कळत नव्हतं. ऑफिसातही अजून काही ठरलं नव्हतं. तिकिटाबद्दल त्याने विचारलं नाही, आईंनीही आठवण केली नाही. ऊर्मिला दोघांकडे आळीपाळीने बघायची.

फेब्रुवारीत एका रविवारी सकाळपासून बर्फ पडत होतं. शशिकांत स्वयंपाकघरात आल्याचा चहा करत होता. तेवढ्यात आईंच्या खोलीतून हाक आली. ऊर्मिलाला नव्हे, त्याला.

"शशिकांतराव, जरा येता का? मला गार वाटतंय हो."

चहा तसाच टाकून तो गेला. इतक्या घाईने, की दारात उंबरा नसूनही ठेचकाळला. नंदादीप शांत जळत होता. आई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, आणि तो आला तरी त्यांनी पाय खाली सोडले नाहीत.

"फिरवा ना तुम्हीच," तो म्हणाला.

आई उठल्या. डबीपाशी जाऊन त्यांनी चकती फिरवली, एक घर, थांबल्या, त्याच्याकडे बघितलं, आणखी एक घर. झडप कुरकुरली.

"एवढं चालेल?"

"चालेल, आई."

"होळीला पुरण घालायचं म्हणते ऊर्मिला. इथे मिळते का हो चांगली हरभऱ्याची डाळ?"

"मिळते. मी आणतो."

शशिकांत हीटरवर हात ठेवून उभा राहिला. लोखंड अजून गारच होतं. ते तापेपर्यंत तो तिथेच थांबला.